इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी: कुठे द्यायचा, कुठे हात आवरायचा

अपॉस्ट्रॉफीबद्दल आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: हे चिन्ह ऐकू येत नाही. नुसते “मुलगे”, “मुलाची” आणि “मुलांची” या तिन्ही अर्थांना इंग्रजीत बोलताना एकच उच्चार आहे, बॉइज. लिहिताना मात्र तो तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहावा लागतो. म्हणून फर्डं इंग्रजी बोलणारे, इतकंच काय, इंग्रजी हीच मातृभाषा असलेले लोकही इथे सर्रास चुकतात.

मी मराठी माध्यमात शिकले आणि पुढे इंग्रजी पत्रव्यवहाराचं काम अंगावर आलं. तेव्हा जो तो सांगायचा, “मोठ्यानं वाचून बघ, चूक असेल तर खटकेल.” बाकी व्याकरणाला हा सल्ला चालतो, या चिन्हाला नाही. इथे कानाला विचारून उपयोग नसतो, अर्थाला विचारावं लागतं. आणि यातल्या सर्वांत अवघड प्रश्नाचं उत्तर मराठी माणसाच्या हाताशी आधीपासून असतं. ते चौथ्या पायरीत येईल.

एक खुलासा. उदाहरणं देवनागरीत आहेत, त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या शेवटी लागणारा “एस” मी सुटा “स” म्हणून लिहिला आहे, उच्चार काहीही असो. म्हणजे “बॉयस” यात चिन्ह नाही, “बॉय’स” यात ते एसच्या आधी आहे आणि “बॉयस’” यात एसच्या नंतर.

हाताशी काय असू द्यावं

- तुम्ही स्वतः लिहिलेला एखादा खरा मजकूर: मेल, अर्ज किंवा बायोडेटा. कोऱ्या सरावापेक्षा यावर काम केलेलं लक्षात राहतं.
- तो मजकूर संगणकावर किंवा फोनवर, म्हणजे शब्द शोधण्याची सोय वापरता येईल.
- एक चांगला इंग्रजी शब्दकोश, ऑनलाइन चालेल.
- संस्थेसाठी लिहीत असाल तर त्या संस्थेचे लेखनाचे ठरलेले नियम, असतील तर.

१. चिन्हाची कामं दोनच, हे आधी समजून घ्या

पहिलं काम: शब्दातलं एखादं अक्षर गाळलं आहे हे दाखवणं. दुसरं काम: मालकी किंवा संबंध दाखवणं, म्हणजे आपली षष्ठी, चा-ची-चे.

पहिलं काम आपल्याला अनोळखी नाही. “सोऽहम्” लिहिताना मधे जो अवग्रह येतो तो “इथे एक अ होता” एवढंच सांगतो. अपॉस्ट्रॉफी तेच करतो. सोळाव्या शतकात फ्रेंचच्या प्रभावानं तो इंग्रजीत आला तो याच कामासाठी. गंमत म्हणजे दुसरं कामही मुळात पहिल्यातूनच निघालं. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांची षष्ठी “ईएस” लावून होत असे. पुढे त्यातला “ई” गळला आणि त्याच्या जागी चिन्ह बसलं. अनेकवचनी मालकीसाठी एसच्या नंतर चिन्ह देण्याची रीत तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पुरती स्थिरावलेलीही नव्हती. त्यामुळे नियम डोक्यात बसायला वेळ लागत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. इंग्रजांनाही तो बसवायला काही शतकं लागली.

या दोन कामांच्या यादीत “अनेकवचन करणं” नाही. तीच पुढची पायरी.

२. साधं अनेकवचन असेल तर चिन्ह देऊ नका

रोजच्या लिखाणात सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. एकापेक्षा जास्त वस्तू आहेत, एस लावायचा आहे, आणि हात आपोआप चिन्ह टाकून मोकळा होतो: “फोटो’स अटॅच्ड”, “ऑर्डर’स क्लोज्ड”. ब्रिटनमध्ये भाजीवाल्यांच्या पाट्यांवर ही चूक इतकी दिसे की तिचं नावच “ग्रीनग्रोसरचा अपॉस्ट्रॉफी” पडलं. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकारानं २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफी प्रोटेक्शन सोसायटी काढली ती असल्या चुकांना कंटाळून. २०१९ मध्ये त्यांनी ती बंद केली, तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते.

हात कुठे घसरतो ते पाहा.

आद्याक्षरांचे शब्द: पीडीएफस, सीडीस, टीव्हीस. मोठी अक्षरं संपून छोटा एस आला की डोळ्याला मधे काहीतरी हवंसं वाटतं. काही नको.

दशकं: १९९०स. जुन्या छापील मजकुरात आकडा आणि एस यांच्यामध्ये चिन्ह दिसेल, पूर्वी काही वृत्तपत्रांची तशी पद्धत होती. आजचे बहुतेक शैलीग्रंथ, म्हणजे लेखनाचे नियम सांगणारे ग्रंथ, ते देत नाहीत.

आडनावं: स्मिथ कुटुंबाकडून शुभेच्छा आल्या तर खाली “द स्मिथस” हवं. “द स्मिथ’स” लिहिलं की वाचणारा विचारतो, स्मिथचं काय?

क्रियापदं: “ही वॉन्टस”, “शी गेटस”. हा एस कर्त्यानुसार येतो, त्याचा मालकीशी काही संबंध नाही. “लेटस” आणि “लेट’स” यात मात्र सावध राहा. “ती जाऊ देते” यातला पहिला, “चला, जाऊ या” यातला दुसरा. कारण दुसऱ्यात “लेट अस” दडलेलं आहे.

खरा अपवाद जवळजवळ एकच: छोट्या लिपीतली सुटी अक्षरं. “तुझे आय नीट काढ” हे इंग्रजीत लिहिताना आय आणि एस यांच्यामध्ये चिन्ह दिलं नाही तर तो “इज” असा वेगळाच शब्द वाचला जाईल. तिथे चिन्ह चालतं.

३. गाळलेलं अक्षर असेल तर शब्द पूर्ण उलगडून बघा

“डू नॉट” चा “डोन्ट” झाला तेव्हा “नॉट” मधला “ओ” गळला. चिन्ह बरोबर त्याच जागी बसतं, “एन” आणि “टी” यांच्या मध्ये. दोन शब्द जिथे जोडले तिथे, म्हणजे “डू” नंतर लगेच, चिन्ह टाकणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. “इझन्ट”, “कान्ट”, “वुडन्ट” या सगळ्यांना हाच न्याय.

उलगडून बघणं हीच परीक्षा. चिन्ह काढा, पूर्ण शब्द बसवा, वाक्य टिकतं का ते बघा:

- “इट’स” म्हणजे “इट इज” किंवा “इट हॅज”.
- “यू’आर” म्हणजे “यू आर”, आणि “युअर” म्हणजे तुमचा.
- “हू’स” म्हणजे “हू इज” किंवा “हू हॅज”, आणि “हूज”, जो डब्ल्यू-एच-ओ-एस-ई असा लिहितात, तो म्हणजे कोणाचा.
- “दे’आर” म्हणजे “दे आर”, “देअर” चं एक स्पेलिंग “त्यांचा” आणि दुसरं “तिथे”.

“कुड हॅव” आखडून बोलताना “कुड ऑफ” असं ऐकू येतं आणि कित्येकजण तसंच लिहितात. “ऑफ” इथे कधीच नसतो.

काही शब्द नुसते पाठ करावेत. “वोन्ट” उलगडून “विल नॉट” होतो पण अक्षरं जुळत नाहीत, कारण तो “विल” च्या “वोल” या जुन्या रूपावरून आला. “ओ’क्लॉक” मध्ये “ऑफ द क्लॉक” दबलेलं आहे. “मॅ’म” मध्ये “मॅडम” चा “डी” गळला आहे.

औपचारिक पत्रात ही आखूड रूपं वापरावीत का? माझं मत सांगते: करार, अर्ज, तक्रार यांत पूर्ण रूप लिहा. भाषा सभ्य वाटते आणि चुकायची जागाच उरत नाही.

४. मालकी: मराठीतला अनुस्वार शोधा

इथे थोडा वेळ द्या, कारण मराठी येत असल्याचा खरा फायदा इथे आहे.

इंग्रजाला “बॉय’स” आणि “बॉयस’” यातला फरक ऐकू येत नाही. आपल्याला येतो. मुलाची खोली, मुलांची खोली. खेळाडूचा, खेळाडूंचा. कंपनीचे, कंपन्यांचे. मराठी अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार देते आणि आपण तो उच्चारतोही. तेव्हा इंग्रजीत लिहिण्याआधी तोच शब्दगट मनात मराठीत म्हणा:

- अनुस्वार नाही: मालक एक आहे. एकवचनी शब्द, मग चिन्ह, मग एस. मुलाची खोली, “बॉय’स रूम”.
- अनुस्वार आहे: मालक अनेक आहेत. आधी अनेकवचन पूर्ण लिहा. ते एसनं संपत असेल तर पुढे नुसतं चिन्ह. मुलांची खोली, “बॉयस’ रूम”.
- अनेकवचन एसनं संपत नसेल तर चिन्ह आणि एस दोन्ही. बायकांचे, “विमेन’स”. मुलाबाळांचे, “चिल्ड्रन’स”. लोकांचे, “पीपल’स”.

लिहून झाल्यावर चिन्हापासून उजवीकडचा भाग बोटानं झाका. डावीकडे जो शब्द उरतो तोच मालक असला पाहिजे. “चिल्ड्रनस’” मध्ये डावीकडे “चिल्ड्रनस” उरतं. असा शब्दच नाही, म्हणजे चूक.

केंब्रिजमधल्या एका कॉलेजचं नाव “क्वीनस’ कॉलेज” आहे, ऑक्सफर्डमधलं “क्वीन’स कॉलेज”. केंब्रिजचं दोन राण्यांच्या आश्रयानं उभं राहिलं, ऑक्सफर्डचं एका राणीच्या नावानं. राण्यांचं आणि राणीचं. पत्त्यात चिन्ह सरकलं तर कॉलेजच बदलतं.

आता या परीक्षेतले खाचखळगे.

आदरार्थी बहुवचन. “सरांची खोली”, “डॉक्टरांचा सल्ला”, “प्राचार्यांचं कार्यालय”. अनुस्वार आहे, पण माणूस एकच. इंग्रजीत आदरासाठी अनेकवचन होत नाही, म्हणून “डॉक्टर’स अ‍ॅडव्हाइस”, “प्रिन्सिपल’स ऑफिस”. अनुस्वार दिसला की मागोमाग विचारा: खरंच अनेक, की आदरानं एक? मराठी मंडळींच्या लिखाणात मला ही गफलत सगळ्यात जास्त दिसते आणि इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत तिचा उल्लेख असायचं कारणच नाही.

इंग्रजी शब्द मराठीत वापरताना. “युजर्सची माहिती”, “मेंबर्सची यादी” असं आपण म्हणतो. अनुस्वार नाही, तरी मालक अनेक आहेत. अनेकवचन त्या “र्स” मध्ये आहे. “युजरस’ डेटा”, “मेंबरस’ लिस्ट”.

काळ. “एका दिवसाचं काम”, “दोन आठवड्यांची नोटीस”, “पाच वर्षांचा अनुभव”. इंग्रजी इथे मालकीचंच रूप वापरते: “अ डे’स वर्क”, “टू वीकस’ नोटीस”, “फाइव्ह इयरस’ एक्सपीरियन्स”. बायोडेट्यात हे चिन्ह हमखास गळतं. मधे “ऑफ” घातलं तर चिन्हाची गरज राहत नाही, हा सोपा मार्ग आहे. पण “पाच वर्षांचा मुलगा” यात वय आहे. तिथे इंग्रजी “फाइव्ह-इयर-ओल्ड” असे छोट्या रेघांनी जोडलेले शब्द वापरते. चिन्ह नाही, आणि “इयर” ला एसही नाही.

प्रत्येक चा-ची-चे म्हणजे मालकी नव्हे. “इतिहासाचं पुस्तक”, “बसचं तिकीट”, “लाकडाचा दरवाजा”. इतिहास त्या पुस्तकाचा मालक नाही, तो नुसता पुस्तकाचा प्रकार सांगतो. इंग्रजी अशा वेळी नाम किंवा विशेषण तसंच पुढे ठेवते: “हिस्ट्री बुक”, “बस टिकेट”, “वुडन डोअर”. माणूस, प्राणी, संस्था किंवा काळ असेल तर बहुधा चिन्ह लागतं, निर्जीव वस्तूचा प्रकार असेल तर बहुधा नाही. हा ठोकताळा आहे, पक्का नियम नाही. शंका आली की शब्दकोशात बघा.

दोन मालक एकत्र असतील तर: घर दोघांचं मिळून एकच असेल तर चिन्ह शेवटच्या नावाला, “टॉम अँड मेरी’स हाउस”. दोघांच्या वस्तू वेगवेगळ्या असतील तर दोन्ही नावांना. जोडशब्दात चिन्ह शेवटी येतं: सासूचा, “मदर-इन-लॉ’स”.

५. सर्वनामांना चिन्ह नाही

त्याचा, तिचा, आमचा, तुमचा, त्यांचा. या अर्थाच्या इंग्रजी सर्वनामांमध्ये मालकी आधीच मुरलेली आहे: “हिज”, “हर्स”, “अवर्स”, “युअर्स”, “देअर्स” आणि “इटस”. एकालाही चिन्ह नाही. “हिज” मध्ये चिन्ह घालावंसं कोणालाच वाटत नाही, मग “इटस” मध्ये का घालायचं?

अर्जाच्या शेवटी “युअर’स फेथफुली” लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य असतं आणि सहीच्या अगदी वर असतं, म्हणून ते लगेच नजरेत भरतं. “युअर्स” ला चिन्ह नको, कधीच नको.

“इटस” आणि “इट’स” मधला गोंधळ मात्र जुना आणि प्रतिष्ठित आहे. सतराव्या-अठराव्या शतकात मालकीच्या अर्थानंही “इट’स” लिहिलं जाई. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, राज्याच्या तपासणी कायद्यांबद्दल लिहिताना ते तसं आलेलं आहे. आज ते चूक धरतात. मराठीत “त्याचा, त्याची, त्याचं” म्हणता आलं तर चिन्ह नाही. “ते आहे” म्हणता आलं तर चिन्ह हवं.

“वन’स” आणि “समवन’स” यांना चिन्ह लागतं, तेवढं वेगळं लक्षात ठेवा.

६. नावांमध्ये नियम शोधत बसू नका, अधिकृत रूप बघा

व्यक्तीचं नाव एसनं संपत असेल, जसं चार्ल्स किंवा जेम्स, तर दोन पद्धती चालतात. “शिकागो” या अमेरिकी शैलीग्रंथात चिन्ह आणि एस दोन्ही, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीत नुसतं चिन्ह. दोन्ही बरोबर आहेत. एका मजकुरात एकच ठेवा. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या “सेंट जेम्स’स पार्क” स्थानकात दोन्ही आहेत, न्यूकॅसलच्या “सेंट जेम्स’ पार्क” फुटबॉल मैदानाच्या नावात नुसतं चिन्ह.

कंपन्या आपल्या मर्जीनं ठरवतात. मॅकडॉनल्ड’स आणि केलॉग’स यांना चिन्ह आहे. हॅरॉड्स, बार्कलेज आणि स्टारबक्स यांना नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ मध्ये आपलं चिन्ह काढून टाकलं. ठिकाणांचंही तसंच. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गावर “अर्ल’स कोर्ट” हे स्थानक चिन्हासह आहे आणि लगेच पुढचं “बॅरनस कोर्ट” चिन्हाशिवाय. अमेरिकेत १८९० साली भौगोलिक नावांचं मंडळ स्थापन झालं, तेव्हापासून ते नैसर्गिक ठिकाणांच्या नावांत मालकीचं चिन्ह सहसा मान्य करत नाही. “मार्था’स व्हिनयार्ड” हे बेट मोजक्या अपवादांपैकी एक.

दिवसांची नावं थेट शब्दकोशात बघा. “मदर’स डे” एकवचनी आहे, कारण तो सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांचा आग्रह होता की प्रत्येकानं आपल्या एकाच आईचा दिवस साजरा करावा. “विमेन’स डे” अनेकवचनी. युनेस्कोचा ५ ऑक्टोबरचा दिवस “टीचरस’ डे”, एसच्या नंतर चिन्ह. अमेरिकेचा “व्हेटरनस डे” मुळीच चिन्ह न देता.

७. टाइप करताना

कळफलकावर एंटरच्या जवळ असतं ते चिन्ह वापरा. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं तिरकं चिन्ह वेगळं आहे, ते अपॉस्ट्रॉफी म्हणून वापरू नका.

छपाईत चिन्ह नऊच्या आकड्यासारखं वाकलेलं असतं. सरळ उभं टाइप केलं तरी वर्डसारखे प्रोग्रॅम ते वाकवून देतात. पण शब्दाच्या सुरुवातीला चिन्ह आलं, जसं “’९०स” मध्ये, की प्रोग्रॅमला वाटतं अवतरण सुरू झालं आणि तो ते उलट्या दिशेनं वाकवतो. उपाय सोपा: लागोपाठ दोनदा चिन्ह टाइप करा आणि पहिलं खोडा. एकाच मजकुरात सरळ आणि वाकडी दोन्ही चिन्हं दिसली तर तुकडे इकडून तिकडून चिकटवलेत हे कळतं. पाठवण्याआधी एकसारखी करा.

८. पाठवण्यापूर्वीची तपासणी

स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीवर विसंबू नका. “इटस” आणि “इट’स” दोन्ही खरे शब्द आहेत, त्यामुळे चुकीच्या जागीही त्यांच्याखाली लाल रेघ उमटेलच असं नाही.

पहिल्यांदा शोधपेटीत नुसतं चिन्ह टाका आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: अक्षर गळलंय का? नसेल तर मालकी आहे का? दोन्हीला “नाही” आलं तर चिन्ह खोडा.

पण जे चिन्ह दिलंच नाही ते असं सापडणार नाही. म्हणून दुसरी फेरी शब्दांची घ्या. “इटस”, “युअर”, “हूज”, “लेटस” एकेक करून शोधा आणि उलगडून बघा. मग “डेज”, “वीक्स”, “मंथ्स”, “इयर्स” शोधा आणि पुढे नाम आलंय का ते पाहा. बायोडेटा असेल तर “डिग्री” हा शब्दही शोधा: तिथे “मास्टर’स डिग्री” आणि “बॅचलर’स डिग्री” असं, एसच्या आधी चिन्ह देऊन हवं.